आरामाच्या दिवशी वावर

आधी ताईचं सांगते, काय झालं ते मागून. ताई माझी सख्खी बहीण नव्हे. अमरावतीच्या एका व्यायामशाळेत ती मुलींना वेटलिफ्टिंग शिकवायची. मूळची अकोल्याची. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, स्वतः राज्यापर्यंत खेळलेली, गुडघा गेला तशी शिकवायला लागलेली. आज मी पुण्यात एका जिममध्ये बायकांची सकाळची बॅच घेते. कुणी किती वजन उचलायचं, कुणी कधी थांबायचं हे मी ठरवते, आणि बायका माझं ऐकतात. हे सगळं ताईचं देणं आहे.

इथे अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमचं शिक्षण काय झालंय?"

"नववी," मी सांगते.

  मान खाली घालत नाही. समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून नववी म्हणते आणि लगेच पुढचं बोलते, "खांदे मागे घ्या, कानांपासून लांब ठेवा." लाजायचं असतं तर मी घरीच लाजले असते, त्यासाठी इतक्या दूर कशाला आले असते?

घर आमचं अकोट तालुक्यात. वांगी, मिरची, टोमॅटो, कोबी, गवार, दसऱ्या-दिवाळीला झेंडू, आणि मागच्या तुकड्यात कापसाची पऱ्हाटी. भाऊ कॉलेजला गेला, भाजी तोडायला हात कमी पडले, आणि माझी शाळा सुटली. कुणी भांडलं नाही. मीही नाही. पुढे मावशीचं बाळंतपण आलं, तेव्हा मदतीला म्हणून मला अमरावतीला धाडलं. मावशीच्या घरामागेच ती व्यायामशाळा. तिथे लोखंड जमिनीवर आपटलं की भांडी थरथरायची, अन् नुकतं झोपलेलं बाळ दचकून रडायला लागायचं. एका सकाळी मावशी वैतागली. "जाय बरं, त्याईले सांगून ये, हळू ठेवा म्हना. माह्या लेकराले झोपू देनार हायेत का नाई?"

मी तक्रार घेऊन गेले. दारात ताई उभी होती, गळ्यात शिट्टी.

"आमचं बाळ उठून राहिलं. वजन हळू ठेवा म्हणे मावशी."

"हळू?" ताई हसली. "हे काय वांगे हायेत का टोपल्यात ठेवायले? ठेवून दाखव बरं तूच."

मला राग आला. मी चप्पल काढली, बार धरला, मांडीपर्यंत उचलला आणि आवाज न करता खाली ठेवला. टोमॅटोचं कॅरेट जीपमधून उतरवताना आपटलं तर बाबा ओरडायचे, त्यामुळे हळू ठेवायची सवय होतीच. मुली बघत राहिल्या. ताईने बारकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"उद्या ये," ती म्हणाली. "अन् तुह्या मावशीले सांग, जाड मॅट टाकतो म्हना."

मॅट आली. मीही गेले. बाळंतपण सरलं तरी मी परतले नाही. बाबांनी एक अट घातली. अकोल्याला विभागाची निवड चाचणी होते, तोवर राहा. निवड झाली तर पुढचं पाहू. नाही झाली तर बॅग घेऊन घरी. घरी म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागलं नाही. दर्यापूरकडचे पाहुणे मला बघून जायला एका पायावर तयार होते. माझं सगळं त्या एका चाचणीवर आलं, आणि मी मुळातली घाबरट. बस चुकेल म्हणून तास-तास आधी स्टँडवर जाऊन बसणारी.

व्यायामशाळेच्या भिंतीवर एक तक्ता होता. सोमवारी जड, मंगळवारी हलकं, बुधवारी मध्यम, असं करत शनिवार. रविवारी आराम. हा तक्ता मोठ्या सरांचा. सर व्यायामशाळेचे प्रमुख, वयस्कर, शिस्तीचे. ते म्हणायचे, जड काम सोमवारी, कारण रविवारी अंग ताजं होतं. ताईही तेच सांगायची. वजन उचलताना ताकद वाढत नाही, उचलून झाल्यावर झोपेत अन् विश्रांतीत वाढते, म्हणून आरामाचा दिवस हाही कामाचाच दिवस. मला ते फार पटायचं. शनिवारची तालीम झाली की मी बस धरायची, दर्यापूरवरून अकोट, पुढे जीप. रविवार घरी आणि सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीने परत.

आणि सोमवारी माझं काहीतरी बिनसायचं. बार खांद्यावर घेऊन बैठक मारायला खाली गेले की वर येताना छाती पडायची, पाठ कुबडी व्हायची. डोक्यावर न्यायचा बार पुढे निसटायचा. बुधवारपर्यंत सुधारायचं. पुन्हा सोमवार आला की तेच. मुलींनी नाव ठेवलं, सोमवारवाली.

"सोमवारवाली आली व! मॅट जाड टाका!"

मी हसायची. संडासात जाऊन रडायची. सर एकदा ताईला माझ्यासमोरच म्हणाले, "हिच्यात दम नाही. एक दिवस घरी गेली की ढेपाळते. अशांना निवडीला नेऊन आपली शोभा करून घ्यायची का?"

ताई मला खोदून खोदून विचारायची. झोप झाली का? झाली. जेवली का? जेवली. पाळी आहे का? नाही. रविवारी काय केलं?

"काई नाई. आराम केला."

मी खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे लेक घरी आली की हातावर हात ठेवून बसत नाही. तिला कुणी काम सांगतही नाही. पण रिकामी बसलेली पोर साऱ्यांच्या डोळ्यात खुपते, तिला स्वतःलाही. शनिवारी पोचले की आई म्हणायची, "दमली असशीन, बस," आणि मिरच्या निवडायचं टोपलं पुढ्यात सरकवायची. ते काम कुणी कामात धरत नाही. दिवाळी झाली की वेचणी, मग रविवारी अख्खं घर पऱ्हाटीत. त्यात मी. हॉलमध्ये उचलायचं ते वजन. घरी जे उचलायचं, वाकायचं, वाहायचं, ते म्हणजे घरी असणं. माझ्या डोक्यात ही दोन कामं शेजारी-शेजारी कधी बसलीच नव्हती.

मग एका रविवारी ताई अकोल्याला तिच्या आईकडे आलेली असताना अकोटची बस धरून, विचारत विचारत आमच्या शेतावर, वावरात येऊन उभी राहिली. मी पार पलीकडच्या टोकाला होते. आई धुऱ्याच्या बांधावर पाणी प्यायला आलेली.

"या जी, या! पोरीच्या मॅडम नं तुमी? बसा सावलीत. पोट्टी आराम करून राहिली."

"कुठी हाय?"

"हे काय, पऱ्हाटीत. आज तं तिले काईच काम नाई सांगतलं. निसता कापूस वेचते."

 ताईने ओढणी कमरेला बांधून कापूस टाकायला ओटी केली आणि माझ्या शेजारच्या ओळीची पात धरली.  वाटलं, आता ही मला हाकलणार. ती वेचत राहिली, बोंडाच्या नखांनी बोटं ओरबाडून घेत. ऊन डोक्यावर यायच्या आतच तिचा हात कमरेवर गेला.

"सकाळपासून हेच?"

"हो."

"दर रविवारी?"

"वेचनी सरेपर्यंत. मंग वांगे असतात."

"अन् मले आराम म्हनत होती?"

"मंग? घरीच तं होती!"

ती आधी हसली, मोठ्याने. मग तिथेच सरीत बसली आणि ओटीतला कापूस बघत राहिली. "चूक माही हाये," ती म्हणाली. "मी तुहं निसतं हॉलातलं वजन मोजलं. अंग तं एकच हाय नं तुहं. ते इथं बी थकते, तिथं बी थकते. अन् मी तुले इथून उठवून सोमवारी सगळ्यात जड बैठका देऊन राहिली."

स्वतःची चूक आहे असं मला कुणी म्हटल्याचं आठवत नव्हतं.

मग तिने मला वाकून दाखवायला लावलं. मी वाकले, गुडघे ताठ, पाठ गोल, मान लोंबती. "हे पाह्य. हेच पाठ सोमवारी बारापाशी येते. दिवसभर तू तिले असं ठेवते, मंग ते रात्रीतून सरळ कशी होईन? दोन्ही हातात बकेट असली अन् दार लोटाचं असलं तं काय करते? ढुंगन मागं घालून लोटते का नाई? तसं वाक. गुडघे ढिले, छाती पुढं."

आई ओटी सावरत जवळ आली होती. "वाकाले बी शिकवून राहिल्या काय जी? बाप्पा! आमी जल्मापासून वाकूनच हाओत."

"म्हनूनच विचारतो काकू, सांजच्याले कंबर काय म्हनते?"

"काय म्हनीन? शिव्या देते!"

साऱ्या बायका हसल्या. आईने ताईसारखं वाकून बघितलं, थोडी बोंडं वेचली आणि सोडून दिलं. "हे शहरातलं वाकनं हाय. असं वाकलं तं हे पात होळीले सरन." आणि तिचंही खरं होतं. खालच्या फांदीच्या बोंडाला ते वाकणं पुरत नाही. ताईने मान्य केलं. म्हणाली, तिथं एक गुडघा टेका, पण पाठीला लोंबकळू देऊ नका.

सांजेला मी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत गेले. ताई मागून येत होती. गाठोडं उतरवल्यावर म्हणाली, "हे चालनं कोनी शिकवलं? मान पाह्य कशी उभी हाय. खांदे पाह्य." कुणी शिकवलं नव्हतं, लहानपणापासून वाहतच होते. "बार डोक्यावर धरून उभं राहाले मी पोरींना महिनेन्‌महिने शिकवतो. तुह्याजवळ हे घरचंच हाय. वाकनं बदल, हे मात्र बदलू नोको."

दुसऱ्या दिवशी तिने माझा वेगळा तक्ता लिहिला. रविवारच्या चौकटीत मोठ्या अक्षरात 'वावर'. सोमवारी फक्त अंग मोकळं करणं आणि काठी घेऊन सराव. जड काम बुधवारी. आठवड्याला वजन थोडंच वाढवायचं, आणि ज्या आठवड्यात वेचणी जास्त त्यात अजिबात नाही. सरांनी तो कागद वाचला आणि मुलींसमोर म्हणाले, "शेतीकाम म्हणजे ट्रेनिंग नव्हे. खेळाडूने तक्त्याप्रमाणे चालायचं असतं. उद्या एक म्हणेल माझ्याकडे म्हशी आहेत, एक म्हणेल धुणं आहे. कुणाकुणासाठी बदलणार?"

"सगळ्याईसाठी," ताई म्हणाली. "ज्याचं अंग, त्याचा तक्ता. सर, हिले निवडीले मी नेतो. नाई झालं तं माह्यावर टाका."

"टाकणारच," सर म्हणाले.

सर दुष्ट नव्हते. त्यांनी खूप मुलं घडवली, पण ती सारी वसतिगृहात राहणारी, रविवारी कपडे धुऊन सिनेमाला जाणारी. आम्ही त्यांच्या तक्त्यात मावत नव्हतो, आणि तक्ता मोठा करायची त्यांना गरज वाटत नव्हती. मला अजूनही त्याचा राग येतो. येऊ दे.

बुधवार माझे होऊ लागले. पाठ सरळ राहिली, बार डोक्यावर थांबला. सोमवारवाली हे नाव काही गेलं नाही, पण चिडवणाऱ्यांचा आवाज उतरला. मग निवड जवळ आली तशी ताई म्हणाली, आता रविवारचं वावरही बंद. शेवटच्या आठवड्यांत अंगावरचा भार कमी करत न्यायचा, म्हणजे चाचणीच्या दिवशी ते ताजं असतं. "हे मी तुह्या बाबाले सांगू शकतो. पन सांगनार नाई. तू सांग."

मी बसमध्ये वाक्य घोकत गेले. घरी ओसरीवर बाबा आणि काका बसलेले. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं की आता चाचणी होईपर्यंत येणार नाही, वेचणीला मी नाही.

काका कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बोट दाखवून हसले. "वजनच उचलाचं हाय तं अमरावती काहून पाह्यजे? हे कट्टे पडून हायेत नं कोबीचे."

"कट्टा उचलला तं कट्टा बाजारात जाते, काका. बार उचलला तं मी जाते."

आई आतून खोकली, हसू दाबून असावं. बाबांनी तंबाखू मळायला घेतला. "अन् निवड नाई झाली तं?"

"तं येईन. शब्द हाय."

ते शेवटचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात अवघड. कमी करणं मला जमेना. कमी उचललं की वाटायचं, आळशी झाले, ताकद गळून जाईल, बाबा आई तिकडे वाकलेले आणि मी इथे बसलेली. मी मावशीच्या पाण्याच्या बादल्या भरायला धावायची. ताईने पकडलं. बाळाला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे धर. दुसरं काई उचलाचं नाई. बसनं बी शिकावं लागते." मी बसले. ते बाळ माझ्या अंगठ्याशी खेळायचं आणि मी चाचणीचे दिवस मोजायची.

अकोल्याला चाचणीच्या दिवशी बाबा आले. बाजारात भाजी देऊन थेट, गळ्यात दुपट्टा, हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे. सरही होते, पंचांच्या शेजारी. पहिल्याच उचलीत बार माझ्यापुढे पडला. सरांनी मान फिरवली. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दार लोट." पुढची उचल गेली. त्यापुढचीही. दुसऱ्या प्रकारात, आधी खांद्यावर घेऊन मग वर न्यायच्या, मी जे डोक्यावर नेलं तेवढं सरावात कधीच नेलं नव्हतं. बार हातात स्थिर झाला तेव्हा मी भिंतीकडे पाहिलं. बाबांनी दुपट्टा तोंडावर धरला होता.

आणि निवड झाली अकोल्याच्याच एका मुलीची. ती लहानपणापासून खेळणारी, माझ्याहून थोडं जास्त उचलून गेली. तिने चांगलं उचललं. माझ्या वजनगटात जागा एकच होती.

सर ताईला एवढंच म्हणाले, "बोललो होतो."

बाबा हॉलबाहेर आले. "बॅग घे. अकोटची गाडी लागली असन."

 "बाबा, मी येत नाई."

"शब्द देल्ला होता तू."

"देल्ला होता. मोडून राहिली. आज जे उचललं ते तुमी पाह्यलं नं? ते कालपर्यंत मले येत नव्हतं. माहं अजून सरलं नाई."

बाबांनी ताईकडे बघितलं, जणू ती मला समजावेल. ती म्हणाली, "दादा, सर आता हिले हॉलात घेनार नाईत. माह्या माईच्या घरी ठेवतो, इथं अकोल्यात, मी येऊन शिकवतो. तुमी कवाबी या. न सांगता या. मी नाई का आली तुमच्या वावरात?"

"तुमी काहून करून राहिल्या हे? तुमाले काय भेटते?"

"मले पटते म्हनून."

बाबा स्टँडकडे चालू लागले. वळले नाहीत. पण हातातली पिशवी माझ्या बॅगेवर ठेवून गेले, त्यात आईने दिलेल्या भाकरी आणि ठेचा होता. शब्द मोडला त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तो शब्द घेणाऱ्यांनी मला काय येतं ते न बघताच घेतला होता.

सरांनी त्यांचं बोलणं खरं केलं. पुढच्या शिबिरातून ताईचं नाव काढलं, मग मुलींची बॅचही काढून घेतली. ती अकोल्याला परतली आणि एका भाड्याच्या खोलीत बायका-मुलींना शिकवू लागली. मी तिच्या हाताखाली. तिथे मी शिकले तक्ता कसा लिहायचा. भाजी विकणारी येवो की बँकेतली, ताई पहिला प्रश्न विचारायची, सकाळी उठल्यापासून काय काय उचलता, किती उभ्या राहता, कशा बसता? बायका म्हणायच्या, काही नाही, घरीच असते. ताई माझ्याकडे बघायची. पुढल्या वर्षी मी राज्यापर्यंत गेले, पदक नाही आलं. पण पुण्याच्या जिमवाल्यांनी मला तिथे पाहिलं आणि बोलावलं. जाताना ताईनेच माझी बॅग भरली. बाबा आता फोनवर काका ऐकतील असं मोठ्याने विचारतात, "काय मॅडम, किती बायका हायेत तुह्या हाताखाली?"

ताई अजून त्याच खोलीत आहे. तिथलं छत इतकं खाली, की उंच मुलींना बार डोक्यावर नेता येत नाही, त्या अंगणात जाऊन उचलतात आणि पाऊस आला की थांबतात. ती तक्रार करत नाही. मी करते. माझ्यासाठी तिने सरांसमोर स्वतःला पणाला लावलं, आणि किंमत एकटीने मोजली. तर आज हे लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही. मी तिला अकोल्यात एक हॉल बांधून देईन, उंच छताचा, तिच्या नावावर. कधी ते माहीत नाही. मी शब्द मोडणारी आहे असं कुणी म्हणेल. म्हणू दे. हा मोडणार नाही.